गाठीत काय आहे, हे कोणी सांगायचे?

शाळेत सहज घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सातवीतला एक मुलगा सोमवारी शाळेत आला नाही. मंगळवारी त्याचे वडील रजेचा अर्ज घेऊन मुख्याध्यापकांकडे आले. मुलाला बारीक ताप आहे, अंगावर लालसर पुरळ आहे, मानेमागच्या गाठी सुजल्या आहेत आणि डॉक्टरांना हा रुबेला असावा असे वाटते, एवढे सांगून ते गेले. अर्ज फाइलला लागला. त्याच वर्गाला गणित शिकवणाऱ्या बाईंना तिसरा महिना चालू आहे. ही गोष्ट त्यांनी शाळेत अजून कोणालाच सांगितलेली नाही.

मुलाच्या दृष्टीने हा आजार किरकोळ आहे. चार-पाच दिवसांत तो खेळायला लागेल. परंतु गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला, तर पोटातल्या बाळाला जन्मतः मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयाचे दोष येण्याचा मोठा धोका असतो. म्हणजे फाइलमध्ये पडून राहिलेली ती माहिती बाईंच्या दृष्टीने फार मोलाची आहे. पण मुख्याध्यापकांना बाईंची स्थिती ठाऊक नाही आणि बाईंना मुलाचा आजार ठाऊक नाही.

मग कोणी, कोणाला, काय सांगायचे? मुलाचे नाव घ्यायचे का? काहीच सांगितले नाही तर तो निष्काळजीपणा होईल. नाव घेऊन सांगितले तर मुलाच्या आजाराची चर्चा गावभर होईल.

शाळा मुलांची असली तरी शिक्षकांचे, शिपायांचे आणि खिचडी शिजवणाऱ्या ताईंचे ते कामाचे ठिकाण आहे. कामाच्या ठिकाणी जडू शकणाऱ्या रोगाची माहिती काम करणाऱ्यांना देणे ही ते ठिकाण चालवणाऱ्याची जबाबदारी आहे, हा विचार आज आपल्याला सरळ वाटतो. तो रुजायला मात्र बराच काळ जावा लागला. इंग्लंडमधल्या लोकरीच्या गिरण्यांत तो कसा रुजला, हे आधी पाहू. म्हणजे आपल्या मुख्याध्यापकांचा प्रश्न सोडवणे सोपे जाईल.

ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत

उत्तर इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड हे एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या धंद्याचे मोठे केंद्र होते. सुरुवातीला तेथे मुख्यतः मेंढीची लोकर येई. १८३० नंतरच्या काळात दक्षिण अमेरिकेतील अल्पाका या प्राण्याची लोकर आणि तुर्कस्तानातून येणारे अंगोरा बोकडांचे केस, म्हणजे मोहेर, यांचा वापर वाढला. या मालाच्या घट्ट आवळलेल्या गाठी जहाजाने येत. त्या फोडून, झटकून, लांबीप्रमाणे व प्रतीप्रमाणे केस वेगळे करण्याचे काम हाताने चाले. हे काम करणारे कामगार कुशल समजले जात. निवडण्याच्या खोलीत दिवसभर धूळ उडत असे.

या कामगारांमध्ये एक विचित्र आजार दिसू लागला. धडधाकट माणसाला एक दिवस थकवा येई, अंग दुखे, थोडा खोकला होई. छातीत जड वाटे. सर्दी-पडसे म्हणून तो दुर्लक्ष करी. एक-दोन दिवसांत अचानक श्वास लागे, अंग थंड पडे आणि पाहता पाहता माणूस दगावे. दाखल्यावर न्यूमोनिया किंवा असेच काही कारण लिहिले जाई. कामगारांनी मात्र या आजाराला केव्हाच नाव दिले होते : लोकर निवडणाऱ्यांचा रोग. तुर्कस्तानच्या पूर्वेकडील व्हॅन सरोवराच्या भागातून येणारे मोहेर विशेष वाईट, हेही त्यांनी अनुभवाने ताडले होते.

१८७६ मध्ये जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी काळपुळी या गुरांच्या रोगाच्या जंतूचे सगळे जीवनचक्र उलगडून दाखवले होते. इंग्रजीत ज्याला अँथ्रॅक्स म्हणतात तोच हा रोग. ब्रॅडफर्डमधील डॉक्टर जॉन हेन्री बेल यांनी १८८० च्या सुमारास या शोधाची सांगड आपल्या रुग्णांशी घातली. मृत कामगारांच्या रक्तात काळपुळीचे जंतू आहेत आणि ते रक्त प्राण्यांना टोचले की तेही मरतात, हे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी अशा मृत्यूंची कोरोनरपुढे चौकशी झाली आणि सरकारनेही आपला वैद्यकीय निरीक्षक पाहणीसाठी पाठवला. लोकर निवडणाऱ्यांचा रोग म्हणजे काळपुळी, आणि तो जंतू गाठीतून येतो, हे आता नक्की झाले.

गाठीत दडलेला जंतू

हजारो मैलांवर मेलेल्या बोकडाचा रोग ब्रॅडफर्डच्या कामगाराला कसा होतो? याचे उत्तर काळपुळीच्या जंतूच्या एका गुणात आहे. जनावराच्या शरीरात असताना हा जंतू झपाट्याने वाढतो. जनावर मेले, त्याचे रक्त बाहेर सांडले आणि हवा लागली की जंतू आपल्याभोवती जाड कवच तयार करून बीजाणूच्या रूपात जातो. या अवस्थेत तो खात नाही, वाढत नाही, पण मरतही नाही. ऊन, कोरडेपणा, वर्षानुवर्षांचा काळ, सारे तो सोसतो. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये या बीजाणूंचे युद्धविषयक प्रयोग झाले होते. ते बेट शुद्ध करण्याचे काम १९८६ मध्ये करावे लागले आणि १९९० मध्ये ते माणसांसाठी सुरक्षित ठरले.

असा बीजाणू श्वासाबरोबर फुप्फुसाच्या खोल भागात गेला की शरीरातील भक्षक पेशी त्याला गिळतात आणि छातीतील लसिकाग्रंथींकडे नेतात. तेथे तो पुन्हा जागा होतो, वाढतो आणि विष सोडतो. त्वचेवरच्या खरचटलेल्या जागी बीजाणू गेला तर रोगाचे रूप वेगळे असते. आधी खाज सुटणारी पुळी, मग फोड आणि शेवटी मधोमध काळी खपली. ती सहसा दुखत नाही. काळपुळी हे नाव त्यावरूनच पडले. त्वचेचा रोग वेळेवर ओळखला तर आज प्रतिजैविकांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. फुप्फुसाचा रोग आजही घातक आहे आणि त्यात उपचाराला उशीर झाला की वाचण्याची आशा झपाट्याने कमी होते.

येथे माहितीचे महत्त्व ध्यानात येते. आपण हाताळतो त्या गाठीत काय असू शकते हे कामगाराला ठाऊक असेल, तर तो साध्या पडशालाही डॉक्टरकडे जाऊन 'मी मोहेर निवडतो' असे सांगेल. न दुखणारी पुळी तो दुर्लक्षित करणार नाही. ठाऊक नसेल, तर पुळी दुखत नाही म्हणून तो निश्चिंत राहील. लक्षणे तीच, फक्त एका माहितीने माणसाचे वागणे बदलते.

पण ही माहिती होती कोणाकडे? गाठ कोठून आली, कोणत्या प्रतीची आहे, हे खरेदीच्या कागदांवरून मालकाला कळे. कामगाराला समोर दिसत तो केवळ केसांचा ढीग. कोणती गाठ घ्यायची, खोलीत पंखा बसवायचा की नाही, गाठ ओली करून फोडायची की कोरडी, हे ठरवण्याचा अधिकारही मालकाचाच होता. ज्याला आधी कळते आणि ज्याच्या हाती बदल करणे आहे, त्याने सांगितले पाहिजे, हे तत्त्व येथून पुढे आले.

सल्ल्यापासून कायद्यापर्यंत

१८८४ मध्ये ब्रॅडफर्डमध्ये काही नियम ठरले. धोक्याच्या जातीचा माल भिजवून मगच फोडायचा, धूळ खाली ओढून नेणारे पंखे लावायचे, निवडण्याच्या खोलीत खायचे-प्यायचे नाही, असे त्यांचे स्वरूप होते. पण हे नियम ऐच्छिक होते. पुढे १८९५ च्या ब्रिटिश कारखाने कायद्याने शिसे, फॉस्फरस व आर्सेनिक यांच्या विषबाधेबरोबरच काळपुळीचा रुग्ण आढळल्यास सरकारला कळवणे सक्तीचे केले. १९०५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एक खटला आला. लोकर निवडताना एका कामगाराच्या डोळ्यात जंतू गेला आणि तो काळपुळीने मेला. यंत्रात हात सापडणे हा अपघात, तसाच हाही अपघातच, म्हणून मालकाने भरपाई दिली पाहिजे, असा निर्णय झाला. १९०६ च्या भरपाई कायद्यात तर काळपुळीचे नावच घातले गेले. कारखान्यांत काळपुळीच्या धोक्याचे फलकही लागू लागले.

एवढे सांगितले, फलक लावले, तर काम संपले का? नाही. याचा धडा फ्रेडरिक विल्यम यूरिक या जंतुशास्त्रज्ञाच्या कामातून मिळतो. १९०५ मध्ये ब्रॅडफर्डमध्ये काळपुळीच्या संशोधनासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि यूरिक त्याचे जंतुशास्त्रज्ञ झाले. त्यांनी वर्षानुवर्षे लोकरीचे हजारो नमुने तपासले. स्वतःला रोग होण्याची भीती रोजची होती. धोका मुख्यतः रक्ताने माखलेल्या केसांत असतो, असे त्यांना दिसून आले. मग कामगारांना 'रक्ताचे डाग असलेले केस वेगळे काढा' असे सांगणे सोपे होते. पण वाळलेल्या रक्ताचे कण गडद लोकरीत ओळखू येणे कठीण. शिवाय ते शोधण्यासाठी हात त्याच केसांत घालायचे. म्हणजे माहिती दिली आणि धोका कामगाराच्याच गळ्यात टाकला, असे झाले असते.

निर्जंतुक करणेही सोपे नव्हते, कारण वाळलेले रक्त बीजाणूवर लेप दिल्यासारखे बसते आणि औषध आत पोचत नाही. कारखाने निरीक्षक एल्महर्स्ट डकरिंग यांनी त्यावर रीत बसवली. आधी कोमट साबण-सोड्याच्या पाण्याने रक्त सैल करायचे आणि मग फॉर्माल्डिहाइडच्या द्रावणात लोकर बुडवायची. १९१९ मध्ये ब्रिटनने काळपुळी प्रतिबंधाचा कायदा केला आणि १९२१ मध्ये लिव्हरपूल बंदरात निर्जंतुकीकरणाचे केंद्र सुरू झाले. कामगाराच्या हाती येण्याआधीच गाठ शुद्ध होऊ लागली.

१९१९ मध्येच वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तेथे झालेल्या पहिल्या काही शिफारशींपैकी एक काळपुळीची लागण झालेली लोकर निर्जंतुक करण्याबद्दल होती. या अधिवेशनाला भारताच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मुंबईचे नारायण मल्हार जोशी गेले होते. भारतातही १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात लोकर, केस किंवा मेलेली जनावरे हाताळणाऱ्यांना होणारी काळपुळी हा कामामुळे जडणारा रोग मानला गेला. १९४८ च्या कारखाने कायद्यात ज्या रोगांची सूचना व्यवस्थापकाने सरकारला द्यायची त्यांच्या यादीतही काळपुळी होती. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, या कायद्यात दोन महत्त्वाच्या गोष्टींची भर पडली. कारखान्यातील धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना आपणहून देणे हे धोकादायक उद्योग चालवणाऱ्यावर बंधनकारक झाले. आपल्या आरोग्याविषयीची व सुरक्षिततेविषयीची माहिती मागण्याचा हक्कही कामगाराला मिळाला. या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही माहिती मागण्याचा हा हक्क आहे आणि रोगांच्या यादीत काळपुळीही आहे.

गाठ आणि माणूस

काळपुळीच्या बाबतीत एक सोय होती. धोका मालात होता. गाठीवर 'धोका' असे लिहिल्याने गाठीचे काही बिघडत नाही. पण रोग सहकाऱ्याकडून येणार असेल तर? फुप्फुसाचा क्षय, कांजिण्या, गोवर, रुबेला, कोविड हे रोग माणसाकडून माणसाकडे हवेतून किंवा तोंडा-नाकातून उडणाऱ्या तुषारांतून जातात. येथे गाठीच्या जागी माणूस आहे. त्याला नोकरी आहे, शेजारी आहेत, लग्नाची मुलगी असू शकते. त्याच्यावर 'धोका' असे लिहिता येत नाही.

हा केवळ दयेचा प्रश्न नाही, व्यवहाराचाही आहे. आजार कळला की नोकरी जाईल किंवा लोक बाजूला बसवतील अशी भीती असली, तर माणूस आजार लपवतो. खोकला दाबून कामावर येतो, तपासणी टाळतो. क्षयाच्या रुग्णावर योग्य उपचार सुरू झाले की साधारण दोन आठवड्यांत त्याच्यापासून लागण होण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणजे उपचार घेणाऱ्यापेक्षा न तपासलेल्या, लपून राहिलेल्या रुग्णापासून सहकाऱ्यांना अधिक धोका असतो. नाव जाहीर करण्याची प्रथा पडली तर असे लपणारे वाढतील आणि ज्यांच्या रक्षणासाठी नाव जाहीर केले त्यांचाच धोका वाढेल.

भारतात मे २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची माहिती आरोग्य खात्याला कळवणे डॉक्टरांना व रुग्णालयांना बंधनकारक आहे. पण 'खात्याला कळवणे' आणि 'कचेरीत सांगणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खात्याला नाव लागते, कारण रुग्णाचे उपचार पुरे व्हायला हवेत आणि त्याच्या निकटच्या लोकांची तपासणी व्हायला हवी. सहकाऱ्यांना नाव लागत नाही. आपण धोक्यात होतो का, कधी आणि आता काय करायचे, एवढेच त्यांना हवे असते.

काही रोगांत तर सहकाऱ्यांना काहीच सांगण्याचे कारण नसते. एचआयव्ही शेजारी बसून, एका ताटात जेवून किंवा एकाच यंत्रावर काम करून पसरत नाही. मुंबई उच्च न्यायालयासमोर १९९७ मध्ये एका हंगामी कामगाराचे प्रकरण आले. एचआयव्ही आढळल्यामुळे सार्वजनिक क्षेत्रातील एका संस्थेने त्याला कामावर घेण्याचे नाकारले होते. माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि त्याच्यापासून इतरांना ठळक धोका नसेल, तर केवळ या कारणाने त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. खटल्यातही त्याचे नाव झाकून ठेवले गेले. २०१७ चा एचआयव्ही व एड्सविषयीचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तो याच वाटेने जातो. कोणाला बाधा आहे हे संमतीवाचून उघड करायला त्यात मनाई आहे. मात्र ज्या ठिकाणी कामात रक्ताशी संबंध येण्याचा ठळक धोका आहे, तेथे सर्व कर्मचाऱ्यांना हातमोज्यांसारखी साधने, शिक्षण आणि सुई टोचण्यासारखा प्रसंग घडल्यास तातडीचे औषध मिळाले पाहिजे, ही मालकाची जबाबदारी आहे. नाव झाकायचे आणि धोका उघड करायचा, या दोन गोष्टी एकाच कायद्यात शेजारी शेजारी आहेत.

माहितीला मुदत असते

नाव नको हे ठरले. मग माहिती कधी द्यायची? बरेच संसर्गजन्य रोग लक्षणे दिसण्याआधीच पसरू लागतात. कांजिण्यांचा रुग्ण पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रोग देतो. रुबेलाचा रुग्ण तर पुरळाच्या सुमारे आठवडाभर आधीपासून. म्हणून रोग ओळखला जातो तेव्हा रुग्णाला घरी पाठवणे पुरेसे नसते. ज्यांना लागण व्हायची त्यांच्यातल्या काहींना ती आधीच झालेली असू शकते.

तरीही हाती थोडा वेळ असतो. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. कांजिण्यांत तो १० ते २१ दिवसांचा, रुबेलात साधारण दोन ते तीन आठवड्यांचा असतो. या काळात काही उपाय लागू पडतात, पण तेही मुदतीतच. गोवराच्या रुग्णाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांच्या आत लस दिली, तर ज्यांना प्रतिकारशक्ती नाही त्यांचा बचाव होऊ शकतो. कांजिण्यांची लस तीन ते पाच दिवसांत द्यावी लागते. गरोदर स्त्रियांना या दोन्ही लशी चालत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळा विचार करतात, आणि त्यालाही मुदत असतेच. आठवडाभराने फलकावर लागलेली सूचना खरी असली तरी निरुपयोगी असते.

कोविडच्या साथीत हे फार मोठ्या प्रमाणावर अनुभवास आले. अमेरिकेतील दक्षिण डाकोटा राज्यात सू फॉल्स येथे डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारा एक मोठा कारखाना आहे. १६ मार्च ते २५ एप्रिल २०२० या काळात तेथील ३,६३५ कामगारांपैकी ९२९ जणांना कोविड झाल्याचे नोंदले गेले. दोघे दगावले. सरकारी तज्ज्ञ पाहणीला गेले तेव्हा, कामगार मिळून सुमारे ४० भाषा बोलतात, असे व्यवस्थापनाने त्यांना सांगितले. स्पॅनिशपासून स्वाहिली व नेपाळीपर्यंत त्या भाषा होत्या. अशा ठिकाणी इंग्रजीतला कागद वाटणे म्हणजे सांगणे नव्हे.

कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी एक कायदा केला. १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला आणि पुढे काही बदलांसह २०२३ अखेरपर्यंत राहिला. कामाच्या ठिकाणी कोविडचा रुग्ण आल्याचे कळल्यापासून कामकाजाच्या एका दिवसाच्या आत, त्या काळात तेथे असलेल्या सगळ्यांना मालकाने लेखी कळवायचे. तेही इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत. रुग्णाचे नाव द्यायचे नाही. रजा आणि पगाराबद्दल कोणत्या सवलती मिळतील आणि जागा निर्जंतुक करण्यासाठी काय करणार, हे मात्र सांगायचे. सवलतीचा उल्लेख येथे उगीच केलेला नाही. 'ताप आला तर येऊ नका' असे रोजंदारीवरच्या माणसाला सांगितले आणि त्या दिवसाची मजुरी मिळणार नसेल, तर तो ताप घेऊन येणारच.

पुन्हा शाळेत

आता मुख्याध्यापकांकडे वळू. रुबेलाने गर्भाला इजा होते हे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आले. जन्मतः मोतीबिंदू असलेली बरीच बाळे त्यांच्याकडे येऊ लागली आणि त्यांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेल्याचे आढळले. आज त्याची लस आहे. भारतात २०१७ पासून गोवर-रुबेलाच्या लशीची मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळाशाळांतून झाली, हे अनेक शिक्षकांना आठवत असेल. मोहीम ९ महिने ते १५ वर्षे या वयातील मुलांसाठी होती. त्यामुळे आता मुलांत रुबेला कमी झाला आहे. पण आज पंचविशी ओलांडलेल्या शिक्षिका त्या वयोगटात नव्हत्या. पुष्कळ जणींना लहानपणी हा रोग होऊन गेलेला असतो, पण सगळ्यांनाच नाही.

गणिताच्या बाईंना मंगळवारीच कळले तर त्या लगेच रक्त तपासून घेऊ शकतात. संपर्कानंतर लवकर घेतलेल्या रक्तात विशिष्ट प्रतिपिंडे सापडली, तर ती जुनी आहेत, म्हणजे त्यांना पूर्वीचे संरक्षण आहे, असे डॉक्टर सांगू शकतात आणि बाई निर्धास्त होतील. नसतील तर पुढच्या तपासण्या केव्हा करायच्या ते ठरवता येईल. तीन आठवड्यांनी कळले तर सापडलेली प्रतिपिंडे जुनी की या संसर्गाची, हे सांगणे अवघड होऊन बसते. गरोदर स्त्रीला ही लसही देता येत नाही. म्हणून लवकर कळणे हाच त्यांचा मोठा आधार आहे.

मुख्याध्यापकांना बाईंची स्थिती ठाऊक नाही. ती विचारत फिरण्याचीही गरज नाही. कोणाला माहितीची गरज आहे हे आपल्याला कळत नाही, म्हणूनच ती सर्वांना द्यायची असते. त्यांनी त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे आणि सर्व कर्मचाऱ्यांना, शिपाई व स्वयंपाकाच्या ताईंसह, पुढीलप्रमाणे एक सूचना द्यावी :

'आपल्या शाळेत रुबेलाचा एक संशयित रुग्ण आढळला आहे. गेल्या आठवड्यापासून शाळेत असलेल्या सर्वांचा संपर्क आलेला असू शकतो. ज्या सहकारी गरोदर आहेत किंवा तशी शक्यता आहे, त्यांनी उद्यापर्यंत डॉक्टरांना भेटून संपर्काबद्दल सांगावे. त्यासाठी रजेचे कारण लिहावे लागणार नाही. कोणाला ताप किंवा पुरळ आल्यास शाळेत न येता फोनवर कळवावे. रुग्ण कोण याची चौकशी कोणी करू नये.'

या सूचनेत नाव नाही, वर्गही नाही. लहान गावात लोक कोण गैरहजर आहे ते पाहून ओळखतील, हे खरे. पण ओळखणे आणि शाळेने सांगणे यात फरक आहे. शाळेने नाव घेतले नाही हे मुलाच्या वडिलांनी पाहिले, की पुढच्या वेळीही ते खरे कारण सांगतील. ते सांगतील तरच मुख्याध्यापकांना काही कळणार आहे. पालकांनाही अशीच वेगळी सूचना द्यावी, कारण घरोघरी गरोदर स्त्रिया असतात. जी माणसे वाचू शकत नाहीत त्यांना ती तोंडी सांगावी.

आणि यूरिक यांचा धडाही विसरू नये. सूचना लावली म्हणजे बाकीचे काम कर्मचाऱ्यांवर सोडून मोकळे होता येत नाही. वर्गाच्या खिडक्या उघडतात का, हात धुवायला पाणी आहे का, आजारी शिक्षकाच्या तासाची सोय आहे की त्याला तापातही यावेच लागते, हे पाहणे संस्थेचे काम आहे.

नववी-दहावीच्या वर्गात हा विषय एका तासात घेता येईल. मुलांचे गट करून प्रत्येकाला एक रोग द्यावा : कांजिण्या, क्षय, एचआयव्ही, काळपुळी. तो कसा पसरतो हे पुस्तकातून शोधून मुलांनी कामाच्या ठिकाणी लावायची सूचना लिहावी. एचआयव्हीचा गट बहुधा अडखळेल. कचेरीतल्या सहकाऱ्यांसाठी लिहायला काहीच नाही आणि रुग्णालयातल्या परिचारिकेसाठी मात्र बरेच आहे, हे त्यांच्या लक्षात येईल. ते का, यावर उरलेला वेळ बोलता येईल.